श्टुटगार्ट : वर्षाला ६० हजार युरोत तिघांचं घर चालतं का?

चाकणचा_चक्रधर
पुणे-चाकण पट्ट्यातून जर्मनीतल्या श्टुटगार्टकडे जाणाऱ्या वाहन अभियंत्यांना सध्या ज्या ऑफर येताहेत, त्या बऱ्याचशा ५५ ते ६५ हजार युरोंच्या आहेत. समजा ६० हजार, वर्षाचे, कापाकापीच्या आधीचे. नवरा, बायको आणि चार वर्षांचं मूल. बायकोला जर्मन येत नाही, म्हणजे पहिलं वर्ष-दीड वर्ष एकाच पगारावर. घरची मंडळी साठ हजाराला शंभराने गुणून साठ लाखांचे लाडू वाटायला निघतात. प्रश्न असे :
हातात नक्की किती येतात? घरभाड्यात किती जातात? बालवाडीचं काय? महिन्याअखेर काही उरतं की नुसतीच युरोपची हवा?
"छान देश आहे, बिनधास्त या" असली उत्तरं नकोत. आकडे द्या.

शंकासुर
पहिलं उत्तर : गुणाकार बंद करा. पगार युरोत आणि भाजीही युरोत.

हिशेबनीस
हातात किती, ते आधी सांगतो. बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

६० हजार म्हणजे महिना ५०००. त्यातून पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३, आरोग्य विम्याला साधारण साडेआठ ते पावणेनऊ (विमा कंपनीचा जादा हप्ता कमीजास्त असतो) आणि शुश्रूषा विम्याला मूल असेल तर १.८ टक्के. मूल नसेल तर हाच आकडा २.४ होतो. हे सगळं मिळून हजार-साडेदहाशे युरो गेले. तेवढेच साधारण कंपनीही वरून भरते, पण ते स्लिपवर ठळक दिसत नाहीत.

मग आयकर. इथे टॅक्स क्लास, म्हणजे कर कापण्याचा वर्ग, कळीचा. एकटा माणूस क्लास १ मध्ये : हातात साधारण ३१०० ते ३१५०. लग्न झालेला, जोडीदार जर्मनीत नोंदलेला आणि न कमावणारा, क्लास ३ मध्ये : साधारण ३५००. वर मुलाचे किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, २५९ युरो (२०२६ चा आकडा), ते थेट बँकेत येतात आणि त्यावर कर नाही.

यात तीन खड्डे आहेत :
क्लास ३ आपोआप मिळत नाही. दोघांची नोंदणी झाली की ४/४ (दोघांना क्लास ४) पडतो. ३/५ (एकाला ३, दुसऱ्याला ५) साठी कर कार्यालयाकडे दोघांच्या सहीचा अर्ज करावा लागतो.
बायको भारतातच असेल तोवर क्लास १, लग्न झालेलं असलं तरी.
टॅक्स आयडी पोस्टाने येतो, पत्त्याच्या नोंदणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी. तो वेळेत पगार विभागाकडे पोचला नाही तर पहिला पगार सगळ्यात जास्त कापणाऱ्या क्लास ६ ने कापला जाऊ शकतो. ती स्लिप बघून हातपाय गाळू नयेत, आयडी दिला की पुढच्या पगारात दुरुस्त होतं.

भोचक_भवानी
हिशेबनीस, शंका. क्लास ३ ने खरोखर कर वाचतो की नुसता पुढे ढकलला जातो? इथे दर धाग्यावर दोन मतं असतात.

हिशेबनीस
क्लास म्हणजे दरमहा किती उचल कापायची एवढंच. वर्षाचा अंतिम कर दोघांच्या एकत्र उत्पन्नावर ठरतो, क्लास कुठलाही असो. एकच कमावता असेल तर ३ मध्ये कापलेला कर बहुधा बरोबर बसतो आणि ४ मध्ये कापलेला जास्तीचा कर विवरणपत्र भरल्यावर परत येतो. दोघंही कमावते असतील तर ३/५ मध्ये वर्षअखेर उलट पैसे भरायची वेळ येते आणि विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं.

येण्याच्या वर्षाची एक गंमत : बायको डिसेंबरात जरी आली आणि नोंदली गेली, तरी त्या पूर्ण वर्षासाठी एकत्र विवरणपत्र भरता येतं. तिचं त्या वर्षातलं भारतातलं उत्पन्न दाखवावं लागतं. त्यावर जर्मनीत कर नाही, पण कराचा दर मात्र त्याने वर सरकतो. त्यामुळे एकत्र आणि वेगळं, दोन्ही प्रकारे आकडेमोड करून मगच भरा.

नेकारकाठी
आता घर. श्टुटगार्टमध्ये रडवतं ते हेच.

आधी भाषा. जाहिरातीत "३ झिमर" म्हणजे आपलं दोन बीएचके. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर खोल्यांत मोजत नाहीत. "काल्टमीटं" म्हणजे नुसतं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिना, बहुधा हीटिंग हे "नेबनकोस्टन" मिळवलं की "वार्ममीटं". वीज आणि इंटरनेट तरीही वेगळं.

तिघांना ७० ते ७५ चौरस मीटर लागतं. शहरात नव्या करारांना चौरस मीटरला १५ ते १७ युरो काल्ट धरा. ७२ चौ.मी., १६ युरोने ११५२. नेबनकोस्टन चौ.मी. ला साधारण ४ युरोने २८०-२९०. एकूण १४५० च्या घरात. बोब्लिंगन-झिंडलफिंगनला फारसं स्वस्त नाही, कारण कारखाने तिथेच. ग्योपिंगन किंवा रॉयटलिंगनकडे सरकलात तर भाडं उतरतं, पण रोज रेल्वेच्या लहरीवर जगायची तयारी ठेवा.

कमी नेबनकोस्टनला भुलू नका. घरमालक जाहिरातीत उचल मुद्दाम कमी दाखवतात आणि वर्षानंतर हिशेबात सात-आठशे युरोंची मागणी येते. घर बघतानाच मागच्या वर्षीचा हिशेब मागा आणि ऊर्जा-प्रमाणपत्राचा वर्ग विचारा. जी किंवा एच या तळाच्या वर्गाचं जुनं घर, वर गॅस किंवा तेलाचं हीटिंग, म्हणजे हिवाळ्यात पाकिटाला भोक. हिशेब कालावधी संपल्यापासून बारा महिन्यांत घरमालकाने द्यायचा असतो. उशीर झाला तर सहसा त्याला जादा पैसे मागता येत नाहीत. तुम्हाला हरकत घ्यायलाही बारा महिने असतात.

अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटं, आणि ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा कायदेशीर हक्क आहे. ३४५६ एकदम मागितले तर हे आठवा. पण पन्नास अर्जदार रांगेत असताना हा हक्क पहिल्याच भेटीत उगाळायचा की नाही, हे तुम्हीच ठरवा.

लिंबूटिंबू
आणि स्वयंपाकघर! घर "रिकामं" म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, छतातून वायरी लोंबकळताहेत. भारतातून येणाऱ्याला आधी वाटतं चोरी झाली.

नेकारकाठी
@लिंबूटिंबू +१. म्हणून जाहिरातीत "आइनबाउक्युखं" शब्द आहे का बघा. नसेल तर आधीच्या भाडेकरूकडून त्याचं स्वयंपाकघर विकत घेता येतं का ते विचारायचं. साध्यासुध्याला हजार-दीड हजारात सौदा होतो. नवं बसवायला अडीच ते चार हजार लागतात.

घर ताब्यात घेताना "उबरगाबं-प्रोटोकोल" भरतात. त्यात प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खिडकी, मीटरचे आकडे लिहून घ्या आणि फोटो काढा. सोडताना अनामतीतून कापाकापी होते ती याच कागदाच्या जोरावर, आणि ती टळतेही याच कागदाच्या जोरावर.

काळी_बुरशी
(नाव मुद्दाम घेतलंय.) भारतीय घरांत अनामत सगळ्यात जास्त बुरशीपायी जाते. कारण सरळ आहे. आपल्या स्वयंपाकात वाफ खूप, कुकर, भात, फोडणी, वर घरातच वाळत घातलेले कपडे, आणि थंडी म्हणून खिडक्या बंद. ही दमट हवा बाहेरच्या भिंतीच्या गार कोपऱ्यात पाणी धरते आणि तिथे काळे ठिपके उठतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं असेल तर त्यामागे आधी.

उपाय : दिवसातून तीनदा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं. खिडकी वरून तिरकी करून तासन्‌तास ठेवणं हा उपाय नाही, त्याने हवा बदलत नाही आणि भिंत तेवढी गार पडते. रेडिएटर पूर्ण बंद करून कामावर जाऊ नका, १६-१७ अंशांवर ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. दहा-पंधरा युरोंचं आर्द्रतामापक घ्या, साठाच्या वर काटा गेला की खिडकी.

शंकासुर
म्हणजे बाहेर उणे पाच आणि आपण पैसे देऊन तापवलेली हवा बाहेर सोडायची. पुणेरी मन हे मान्य करणार नाही.

काळी_बुरशी
हवा बदलते, भिंती गरमच राहतात. गरम ठेवायचं ते भिंतींना. मन मानो न मानो, भिंत मानते.

हिशेबनीस
एक महिना मांडतो, मग भांडा.

जमा : ३५०० + २५९ = ३७५९.
खर्च : घर १४५०. वीज ८० (वर्षाला २२०० युनिट, ३६ सेंटच्या आसपास दर, वर स्थिर आकार). इंटरनेट आणि दोन मोबाइल ६०. रेडिओ-टीव्हीचं वर्गणीवजा शुल्क १८ (खरं १८.३६, टीव्ही असो नसो, घरटी एक). किराणा-भाजी ५५०. दोन डॉइचलांड-तिकिटं १२६. बालवाडी जेवणासकट ३००. दायित्व विमा वगैरे १०. कपडे, औषधं, किरकोळ १५०. एकूण २७४४.
उरले १०१५.

विजेबद्दल : घरात शिरताच आपोआप जी स्थानिक कंपनी लागते तिचा दर सहसा महाग असतो. तो करार दोन आठवड्यांच्या सूचनेवर सुटतो. पहिल्याच महिन्यात बदला.
तिकिटाबद्दल : ६३ युरोत देशभर लोकल, मेट्रो, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या. आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी नाही. सहा वर्षांखालचं मूल फुकट. कंपनी किमान चतुर्थांश भार उचलत असेल तर तेच तिकीट जास्तीत जास्त ४४.१० ला पडतं. रुजू होतानाच विचारा. बंद करायचं तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत.

स्पष्टवक्ता_श्वाबी
हिशेबनीस, बेरीज बरोबर, पण चित्र गुळगुळीत झालंय. हजार उरतात ते दुसऱ्या वर्षापासून.

पहिल्या वर्षी अनामत साडेतीन हजार, स्वयंपाकघर, पलंग, कपाट, दिवे, तिघांचे हिवाळी बूट-जाकिटं. त्याआधी दोन-तीन महिने सामानासकटचं तात्पुरतं घर, ते याच भाड्यात अर्ध्या आकाराचं. आठ ते दहा हजार युरो हाताशी नसतील तर उधारीवर सुरुवात. आणि त्या तात्पुरत्या घरात आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करू देतात ना हे लेखी घ्या. नोंदणी नाही तर टॅक्स आयडी नाही, क्लास ३ नाही, किंडरगेल्ड अडतं. पहिल्या फटक्यात सगळी साखळी तुटते.

दरवर्षी भारतात एक फेरी : तिघांची २००० ते २७००, शाळेच्या सुट्टीत वरचाच आकडा. म्हणजे महिना दोनशे गेले. वर नेबनकोस्टनचा वार्षिक झटका, चष्मा, दात. खरी शिल्लक महिना सहाशे-सातशे. वाईट नाही. पण साठ लाखांचे लाडू परत डब्यात ठेवा.

मीठभाकर
दातांवरून : सरकारी विम्यात साधं भरणं फुकट. कॅप, ब्रिजला ठरावीक साध्या उपचाराच्या खर्चाच्या ६० टक्के मिळतात. दरवर्षी तपासणीचा शिक्का "बोनसहेफ्ट"मध्ये असेल तर पाच वर्षांनी ७०, दहा वर्षांनी ७५ टक्के. पहिल्याच वर्षी ती वही सुरू करा.

बाकी आरोग्य विम्याचं खरं मोल एका पगारावरच्या कुटुंबाला कळतं : न कमावणारी बायको आणि मूल त्याच हप्त्यात, जादा एक पैसा नाही. औषधाला ५ ते १० युरो, रुग्णालयात दिवसाला १० आणि तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. मुलांना हेही नाही. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार, त्यानंतर विमा कंपनी ढोबळ पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत देते. पुण्यात हे विकत घ्यायचं म्हटलं तर त्याची किंमत साठ लाखांच्या गुणाकारात कुठे बसते?

भोचक_भवानी
आणि त्वचेच्या डॉक्टरची वेळ चार महिन्यांनी, तेही सांगा की.

मीठभाकर
खरंय. फॅमिली डॉक्टरकडून तातडीचा कोड असलेली चिठ्ठी घ्यायची आणि ११६११७ वर फोन करायचा किंवा त्यांच्या साइटवर वेळ मागायची. चार आठवड्यांत वेळ लावून देतात. डॉक्टर मात्र ते ठरवतील तो, शहराच्या दुसऱ्या टोकाचासुद्धा.

पोळीपट्टू
किराण्याचे ५५० हे तुम्ही काय खाता यावर. दूध, दही, लोणी, बटाटे, कोबी, सफरचंद स्वस्त. भेंडी, गवार, अल्फान्सो म्हणजे सणासुदीला.
मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटात "रोटं लिन्झन" नावाने. छोले, चणे, कोथिंबिरीची भरगच्च जुडी तुर्की दुकानात. तूर, पोहे, गूळ तेवढे भारतीय दुकानातून, महिन्यातून एकदा.
पोळीला ४०५ नंबरचं पीठ आणू नका, तो मैदाच, पोळी चामट होते. १०५० नंबरचं गव्हाचं पीठ दोन भाग आणि फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं एक भाग. पाणी किंचित जास्त, अर्धा तास मुरू द्या.

लिंबूटिंबू
श्रीखंड???

पोळीपट्टू
ते तर जर्मनीत आयतंच. "क्वार्क" घ्या, ४० टक्के स्निग्धांशवालं. मागरक्वार्क (स्निग्धांश काढलेलं) नको, ते खरखरीत लागतं. अर्धा किलो क्वार्क फडक्यात बांधून फ्रीजमध्ये तीन-चार तास, दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम पिठीसाखर, वेलची, केशर. चक्का बांधायची रात्र वाचते.

शंकासुर
धागा राहणीमानाचा होता, जेवणमानाचा झाला. वाचनखूण साठवली आहे.

एल्बंकाठचा_एकनाथ
मुळात श्टुटगार्टच का? लाइप्झिश, केम्निट्स, माग्डेबुर्ग बघा. केम्निट्सला अजूनही सहा-सात युरो चौ.मी. ने घरं मिळतात. तिघांचं घर सात-साडेसातशेत, वार्म. बर्लिनमध्ये तर बालवाडी २०१८ पासून फुकट, जेवणाचे २३ युरो फक्त.

स्पष्टवक्ता_श्वाबी
आणि तिथे वाहन अभियंत्याच्या नोकऱ्या किती? ही नोकरी गेली तर श्टुटगार्टच्या तासाभराच्या परिघात पुरवठादार कंपन्यांची रांग आहे. अर्थात वाहन उद्योगातच सध्या कपात चालू आहे, त्यामुळे तुमचा मुद्दा सगळाच खोडत नाही. बर्लिनच्या फुकट बालवाडीची बेरीज तिथलं आजचं भाडं बघून करा.
बालवाडीबद्दल : एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क देशभर आहे. पण हक्क जागेचा, तुम्हाला हव्या त्या तासांचा नाही. आमच्याकडे शिक्षक अपुरे, म्हणून वेळ कापतात. पत्ता मिळाला त्याच दिवशी पोर्टलवर नाव घाला, एकाच वेळी सात-आठ ठिकाणी. फीच्या ८० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजावटीला चालते, मुलामागे वर्षाला ४८०० पर्यंत. जेवणाचे पैसे त्यात नाहीत आणि फी रोखीने भरलेली चालत नाही.

ग्रामर_नको_गं
मला वाटतं खरा प्रश्न बायकोच्या दीड वर्षाचा आहे, आणि त्यावर एकानेही लिहिलं नाही.
ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा वास्तव्य परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची मुभा असते आणि व्हिसासाठी जर्मनच्या परीक्षेची अटही नाही. ही अट नाही म्हणूनच घोळ होतो. लोक भाषा न शिकता येतात आणि मग श्टुटगार्टच्या आसपासच्या गावात दुकानदार श्वाबी, म्हणजे तिथली बोली, बोलतो, बालवाडीची चिठ्ठी जर्मनमध्ये, पालकसभा जर्मनमध्ये. नवऱ्याचं ऑफिसात इंग्रजीवर भागतं. ती घरात अडकते. राहणीमान या शब्दाचा अर्थ त्या घरात दोघांना दोन वेगळे असतात.
निघण्याआधी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन ए२ पर्यंत करून या, दोघंही (पायऱ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात). ब्लू कार्डधारकाला बी१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य, नुसतं ए१ असेल तर २७.
पहिली पायरी म्हणून मिनीजॉब : महिना ६०३ युरोपर्यंत. तिच्या हातात जवळपास पूर्ण येतात, कुटुंबाचा आरोग्य विमा तुटत नाही, नवऱ्याचा क्लास ३ ही राहतो. हिशेबनीसांच्या १०१५ ची १६०० होतात.

हिशेबनीस
@ग्रामर_नको_गं, हे माझ्या ताळेबंदात सुटलं होतं. मान्य.
दुसरं मूल मनात असेल तर एक पुरवणी : एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी घरी राहणाऱ्या पालकाचा भत्ता, आईच्या आधीच्या निव्वळ पगारावर ठरतं, साधारण ६५ टक्के, किमान ३०० आणि कमाल १८००. ती नोकरीत असून क्लास ५ मध्ये असेल तर निव्वळ कमी आणि म्हणून हेही कमी. क्लास बदलायचा तर प्रसूती रजेच्या किमान सात महिने आधी. आनंदाची बातमी कळल्यावर पहिला फोन आईला, दुसरा कर कार्यालयाला.

शंकासुर
क्रम उलटा ठेवलात तर महिनाभर वाचेल.

चाकणचा_चक्रधर
सगळ्यांना दंडवत. तीन छोटे प्रश्न. गाडी लागते का? तीन-चार वर्षांत परत यायचं ठरलं तर पेन्शनचे पैसे बुडतात का? आणि केअरवोखं म्हणजे काय? ऑफरच्या मेलला जोडलेल्या घराच्या माहितीपत्रकात तो शब्द आहे.

नेकारकाठी
गाडी पहिल्या दोन वर्षांत नको. भारतीय परवाना नोंदणीपासून सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. जुना परवाना असल्याने ठरावीक तास शिकण्याची सक्ती नाही, पण परीक्षा शिकवणी संस्थेच्या गाडीतूनच. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. नापास झालात की दरवेळी फी, म्हणून हजार-दोन हजार युरो धरून चला. आपली खोड मोडणं हाच खरा खर्च : सिग्नल किंवा पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, आणि लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून बघायचं. नुसत्या आरशात बघितलं की परीक्षक तिथेच नापास करतो.

हिशेबनीस
पेन्शन : ६० महिन्यांपेक्षा कमी भरणा असेल तर युरोपीय संघ सोडल्यावर २४ महिन्यांनी अर्ज करून तुमचा ९.३ टक्क्यांचा हिस्सा परत मिळतो, बिनव्याजी. कंपनीचा हिस्सा नाही. ५००० पगारावर महिना ४६५, तीन वर्षांचे १६,७४०. ६० महिने पूर्ण झाले की परतावा बंद, मग वयानुसार पेन्शनच, ती भारतातही येते. म्हणून ५८व्या-५९व्या महिन्यात परत जायचा विचार असणाऱ्याने कॅलेंडर बघूनच राजीनामा द्यावा. पगाराच्या आणि पेन्शन कार्यालयाच्या वार्षिक चिठ्ठ्या एकही फेकू नका.

स्पष्टवक्ता_श्वाबी
केअरवोखं म्हणजे आमच्या श्वाबियाचा कुलाचार. आठवड्याच्या पाळीने इमारत झाडायची. छोटी केअरवोखं : तुमच्या मजल्याचा जिना झाडून पुसणं. मोठी : तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, बाहेरचा पदपथ, हिवाळ्यात बर्फ. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते. शनिवारी संध्याकाळपर्यंत आटपायचं आणि पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. जिना स्वच्छ दिसत असला तरी पुसायचा. प्रश्न घाणीचा नसतो, पुसताना दिसण्याचा असतो.
करारात "हाउसमाइस्टर" (इमारतीची देखभाल करणारा) किंवा सफाई सेवेचे पैसे नेबनकोस्टनमध्ये असतील तर पाळी नाही. दोन्ही असेल तर विचारा, पैसे कशाचे. असे सफाईचे, बागकामाचे, धुराडं साफ करणाऱ्याचे मजुरीचे आकडे वार्षिक हिशेबात वेगळे दाखवलेले असतात, त्यातल्या २० टक्के रकमेची करात सूट मिळते. बहुतेक भाडेकरू ती सोडून देतात.

लिंबूटिंबू
कुकरच्या शिट्ट्यांना परवानगी आहे का?

पोळीपट्टू
शिट्टीला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर मिक्सरला सांभाळून. रविवारच्या चटण्या शनिवारीच वाटा.
मिक्सर मात्र पुण्याहूनच आणा. वीज इथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त भारतीय तीन पिनांना ॲडाप्टर लागतो, १६ अँपिअरचा घ्या. कुकर आणि तवा सपाट बुडाचे, इंडक्शनला चालणारे. लोहचुंबक चिकटतो का ते दुकानातच लावून बघा. फुलके सपाट काचेच्या शेगडीवर थेट फुगत नाहीत, पायाची जाळी लागते, आणि इंडक्शन असेल तर तीही चालत नाही. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा आधी शेगडी बघा, मग खिडकीतला देखावा.